प्रल्हादच्या गळ्यातली सही

माझा मित्र प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गच्या बाजारात होतो. तसाच वैशाली नगरला त्याच्या घरी पोचलो, तर त्याच्या ऑफिसातली दोन माणसं माझ्याआधीच हजर. प्रल्हादकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दवाखान्यातून परत आलेल्या त्याच्या कपड्यांच्या पिशवीकडे होतं.

प्रल्हाद जवळच्याच एका नगरपालिकेत लेखापाल. तिथली बिलं आता संगणकावर पास होतात. त्यासाठी प्रत्येक अधिकाऱ्याला बोटभर डोंगल मिळते. ती लावली की त्याची सही झाली. बाकीचे साहेब आपापली डोंगल कंप्युटरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकून मोकळे. प्रल्हाद मात्र ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा, लग्नातसुद्धा. मी चिडवायचो, "बावा, कोन्या बाबाचा तायीत बांधला?" तो म्हणायचा, "तुयाकडूनच शिकलो न." तेही खरंच. मी कामाला आहे त्या प्लांटमध्ये दुरुस्तीला मशीन बंद केली की आत उतरणारा प्रत्येक जण स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन चालू होत नाही. कधीतरी चहा पिताना मी हे त्याला सांगितलं होतं.

शेवटचा भेटला तो या मार्चच्या सुरुवातीला, जामुल रोडच्या टपरीवर. एका तलावाच्या सौंदर्यीकरणाचं बिल त्यानं अडवलं होतं. मार्च संपला की बजेटातला पैसा परत जातो, म्हणून वरच्यांना घाई. "मी जाऊन पायलं," तो म्हणाला, "तिथं म्हशी बसून राहिल्या. ना पायऱ्या, ना लाईट. सही कावून करू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते पांढरी गाडी पाय. मायाच मागं येऊन राहिली." मी वळून पाहिलं. गाडी खरंच उभी होती.

त्याच आठवड्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेलही.

जलदान विधी झाला, मार्च अजून संपायचा आहे. डोंगल जमा करा, असा ऑफिसातून सारखा निरोप येतो. जमा करायची ती घाई असलेल्या साहेबाकडेच, आणि तिच्यातली सही अजून चालू. मेलेल्या माणसाच्या सहीनं तलाव कागदावर तयार होईल. मी म्हटलं, तोडून टाकू. प्रल्हादची बायको, सुनंदावहिनी म्हणाल्या, "तोडली तर म्हनतील, भाऊजी, यायनंच जिवंतपनी सही केली न मंग घरच्यायनं पुरावा मोडला." ती सही बंद करा, असा अर्ज आम्ही दुर्गला कलेक्टरच्या ऑफिसात देऊन आलो. उत्तर आलेलं नाही. प्रल्हादची फार आठवण येते, आणि आता भीतीही वाटते.

काल संध्याकाळी वहिनींकडे बसलो होतो. त्याचा शर्ट दाराआड खुंटीवर तसाच आहे. बाहेर ती पांढरी गाडी थांबली. कोणी उतरलं नाही, नुसता हॉर्न वाजला. वहिनींनी पदराखाली चाचपून पाहिलं. काळा दोरा आता त्यांच्या गळ्यात असतो. सहीसाठी कोणी घरी आलं की त्या वर्षानुवर्षं दारातून जे सांगायच्या, तेच त्यांनी कालही सांगितलं.

"साहेब घरी नाईत. आले का मंग या."