नळ नसलेली प्रयोगशाळा

प्राध्यापक देवराव मेश्राम सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडायला मीच गेले होते. माझी मुलगी अश्विनी तेव्हा कोथरूडच्या आपल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला होती. रसायनशास्त्राच्या वहीत तिने वजन 'पाच ग्रॅम' असे लिहिले म्हणून सरांनी गुण कापला. तिथे म्हणे 'पाच पूर्णांक शून्य शून्य' हवे होते. मी मॅट्रिक झालेली बाई. घरचा आणि आमच्या भजनी मंडळाचा हिशोब ठेवते. टिंबापुढे कितीही शून्ये मांडली तरी पाच ते पाचच, एवढे मला कळते. पदर खोचला आणि थेट प्रयोगशाळा गाठली.

सर नळाखाली काचेची भांडी धूत होते. प्राध्यापक स्वतः भांडी विसळताना पाहून माझा निम्मा आवाज तिथेच उतरला, पण बोलायचे ते मी बोललेच. सरांनी हात न थांबवता विचारले, "वहिनी, भाजीवाला पाच किलो बटाटे म्हणतो, तेव्हा एखादा बटाटा इकडेतिकडे चालतो ना?"

"चालतो की."

"आणि सोनार पाच ग्रॅम म्हणतो तेव्हा?"

"तिथे कसं चालेल!"

"मग दोघांचा पाच एकच कसा? पुढची शून्यं म्हणजे काहीच नाही असं नसतं. मी इथपर्यंत पाहिलं, अशी ती सही असते. तुमच्या लेकीनं पाहिलं होतं बरोबर. सही करायला विसरली."

मला पटले होते, पण आल्या पावली कबूल कोण करणार? मी म्हटले, "आमच्या स्वयंपाकाला असली शून्यं लागत नाहीत. नैवेद्याचं तर आम्ही चाखूनसुद्धा पाहत नाही."

सरांनी नळ बंद केला. "चाखत नाही? मग मीठ बरोबर पडलं, हे कळतं कसं?"

"मापानं. वाटी ठरलेली, चमचा ठरलेला, पाणी ठरलेलं."

"मग काहून भांडता? तुम्हाला तर माझा विषय येतो!"

सर मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात उभी हयात गेली तरी त्यांचे 'काहून' काही गेले नाही. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे, पूजा-नैवेद्य नाही. तरीही माझ्या नैवेद्याविषयी इतक्या आदराने मला त्याआधी कोणी प्रश्न विचारला नव्हता. पुढे सर आणि त्यांच्या पत्नी शीलाताई आमच्याच सोसायटीत राहायला आले आणि भांडणाची ओळख शेजाराची झाली.

या गौरवग्रंथासाठी लिहायचे ठरले तेव्हा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांचा मला फोन आला. "काकू, सरांचा अमृतमहोत्सव आहे. प्रसंग आनंदाचा. गोड लिहा हं." गोड लिहिणारच आहे. मात्र साखर किती घालायची, ते माझे मी ठरवीन. कारण या आनंदाच्या प्रसंगी संस्थेने नव्या इमारतीतल्या एका खोलीला सरांचे नाव द्यायचे योजले आहे, 'प्रा. देवराव मेश्राम आभासी रसायन प्रयोगशाळा'. त्या खोलीला ते नाव लागू नये, असे मला वाटते. नुसते वाटत नाही, संताप होतो. तो का होतो, हे सरांच्या कामाविषयी सांगितल्याशिवाय कळायचे नाही.

सर अकरावीच्या मुलांना पहिले कित्येक आठवडे एकही रसायन देत नसत. नुसते पाणी द्यायचे आणि ते मोजायला लावायचे. पाण्याची पातळी काचेच्या नळीत मधोमध जरा खोलगट असते. तिचा तळ डोळ्याच्या रेषेत आणून वाचायचा. वरून पाहिले तर एक आकडा, खालून पाहिले तर दुसरा. "डोळा जिथं ठेवाल तसं जग दिसतं, म्हणून आधी डोळा जागेवर आणा," असे सर सांगत. पोरे कंटाळत. घरी येऊन म्हणत, आम्ही काय पाणक्याचे काम शिकायला गेलोय? पण ज्यांचा डोळा त्या पाण्यावर बसला, तो बसला.

मोजण्याचे हे वेड कॉलेजपुरते नव्हते. माझ्या सासूबाईंना एकदा पातळ औषध दिले होते, दोन-दोन चमचे. सर शीलाताईंबरोबर त्यांना पाहायला आले आणि मी औषध देताना त्यांनी विचारले, "वहिनी, चमचा कोणता?" मी म्हटले, हातात येईल तो. सर उठून घरी गेले आणि रेघांचे उभे काचपात्र घेऊन आले. आमच्या घरातला प्रत्येक चमचा त्यांनी पाण्याने मोजला. एकाचे दुसऱ्याशी जमेना! एका चमच्यात तर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी मावत होते. मग एका चमच्यावर त्यांनी खिळ्याने बारीक खूण कोरली. "आईंना इथपर्यंतच द्या." सासूबाई मला नंतर म्हणाल्या, "पोटच्या पोरानं इतकं पाहिलं नाही गं." आमचे हे शेजारीच बसले होते, त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरले.

आता कडू भाग.

अश्विनी बारावीला गेली ती वर्षे अशी होती की आमच्या भागात गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. संगणकाचा जमाना आला होता. तिकडे हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या आणि इकडे प्रत्येक आईबापाला आपले मूल त्या काचेच्या आत बसलेले हवे होते. तेव्हा बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरे आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यात धरले जात. ते पैकीच्या पैकी मिळायचेच, अशी रीत पडली होती.

प्रात्यक्षिकात ब्युरेट असते, म्हणजे रेघा आखलेली उभी काचेची नळी, खाली तोटी. त्यातून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या चंबूतले पाणी जेमतेम गुलाबी झाले की थांबायचे. किती थेंब गेले ते रेघांवरून वाचायचे. हे तीनदा करायचे आणि तिन्ही आकडे जवळजवळ जुळले पाहिजेत. आता आपली हुशार मुले काय करत? एकदा करत आणि तोच आकडा तीनदा लिहीत. त्याहून हुशार मुले एकदाही करत नसत. क्लासमधून आकडा आधीच मिळालेला असे. हे सगळ्यांना ठाऊक होते. शिक्षकांना, पालकांना, संस्थेला. चालायचेच, म्हणत.

सरांनी त्या वर्षीच्या परीक्षेत प्रत्येक रांगेला वेगवेगळ्या तीव्रतेचे आम्ल ठेवले. रांग बदलली की आकडा बदलायला हवा. पण जवळजवळ सगळ्या रांगांनी एकच आकडा लिहिला, तोही तीन-तीनदा. सरांनी त्या भागाला शून्य दिले.

झाले. पालकांची सभा भरली. एवढी गर्दी संस्थेच्या वार्षिक सभेलाही मी कधी पाहिली नाही. बँकेत मोठ्या हुद्द्यावरचे एक गृहस्थ उभे राहून ओरडले, "तिन्ही आकडे तंतोतंत सारखे आहेत! मग चूक कसली काढता?"

सर शांतपणे म्हणाले, "माझं घड्याळ रोज दहा मिनिटं मागं असतं. अगदी रोज, तंतोतंत. म्हणून माझी वेळ बरोबर का?"

"तुम्ही मुलांच्या आयुष्याशी खेळताय!"

"मी त्यांना थेंब मोजायला सांगितलं, साहेब."

मी उठून म्हटले की सर बरोबर आहेत. माझ्या मागच्या बाई फिस्सकन हसल्या. "काकू, तुमच्या मुलीला मिळाले असतील पूर्ण!"

नव्हते मिळाले. हे मुद्दाम लिहिते. अश्विनीने खरोखर तीनदा थेंब मोजले होते आणि आले तेच आकडे लिहिले होते. पण शेवटी तिचा हात पुढे गेला आणि फिकट गुलाबी व्हायच्या जागी चंबू गडद झाला. सरांनी गुण कापले आणि तेवढ्याने तिचा प्रवेश हुकला. मी दुसऱ्यांदा सरांशी भांडायला गेले. म्हटले, "अहो, खरं लिहिल्याचं तरी काही द्याल की नाही?"

सर म्हणाले, "खरेपणाचे वेगळे गुण नसतात, वहिनी. तो धरूनच चालायचं असतं. पोरीचं माप चुकलं. मला वाईट वाटतं, पण माप चुकलं."

शीलाताईंनी मला चहा दिला, तो मी प्याले नाही. पुढे कितीतरी महिने मी जिन्यात सरांशी बोलत नव्हते. आज सांगते, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेजार, ओळख, माझे सभेतले उभे राहणे, कशानेही त्यांचा काटा तसूभर हलला नाही. अश्विनी बी.एस्सी. झाली आणि आता औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिने पाहून सही केल्याशिवाय गोळ्या बाहेर पडत नाहीत. लग्नकार्यात भेटणाऱ्या बायका अजून हळहळतात, "हिंजवडीला नाही गेली ना?" नाही गेली. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत लिहिलंय तेवढंच औषध आहे का, ते ती पाहते. एवढ्यावर भागवून घ्या.

आणि सरांचे काय झाले? याच ग्रंथातल्या परिचयात छापले आहे की 'प्रकृतीच्या कारणास्तव सरांनी प्रात्यक्षिकांच्या जबाबदारीतून स्वतः निवृत्ती पत्करली.' कार्यवाहसाहेब, सरांची प्रकृती ठणठणीत होती. बिघडली होती ती संस्थेची. सभेनंतर सरांना प्रात्यक्षिकांवरून काढले. काढणारे आपणच होता, तेव्हाही कार्यवाह आपणच. पुढच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतले ओटे फोडले, नळ काढले आणि संगणक मांडले. ज्या सरांनी मुलांच्या हातात मोजमाप दिले, त्यांनी सेवेची उरलेली वर्षे फळ्यावर ब्युरेटचे चित्र काढण्यात घालवली. त्यावर त्यांनी कधी ब्र काढला नाही. म्हणून मी काढते आहे.

आता ती आभासी प्रयोगशाळा. मी स्वतः पाहून आले. खोली थंडगार, खाली गालिचा, खिडक्यांना पडदे, ओळीने संगणक. तिथली मॅडम फार गोड मुलगी आहे, तिच्यावर माझा राग नाही. तिने संगणकाच्या पडद्यावर ब्युरेट दाखवली, बोटाने टिचकी मारली, चित्रातला थेंब चित्रातल्या चंबूत पडला आणि सुरेख गुलाबी झाले.

मी विचारले, "हात पुढे गेला तर?"

"नाही जात, काकू. सॉफ्टवेअर बरोबर थांबवतं."

"आणि आकडा?"

"तो खाली आपोआप येतो. सगळ्यांना सेम."

सगळ्यांना सारखा! ज्या एका गोष्टीला नाही म्हटले म्हणून सरांना बाजूला बसवले, तीच गोष्ट आता यंत्रात घालून वर त्यांचे नाव लावायचे? सत्कार म्हणायचा का याला? मी नळ कुठे आहे म्हणून शोधला. नळ नाही. मॅडम म्हणाली, "गालिचा भिजेल ना काकू."

मी तशीच सरांकडे गेले आणि सगळे सांगितले. मला वाटले, आता तरी चिडतील. सरांनी विचारले, "मुलांना आवडतं का ते?" मी म्हटले, आवडत असेल. "मग वाईट नाही. चित्र म्हणून दाखवायला ठीक आहे." शीलाताई आतून म्हणाल्या, "तुम्ही आता यावरही गप्पच बसा!"

सर गप्प बसले नाहीत. त्यांनी माझ्यादेखत कार्यवाहांना फोन लावला. आवाज नेहमीचा, चढलेला नाही. "साहेब, पाटीबद्दल आभारी आहे. पण माझं नाव ज्या खोलीवर लावाल, त्या खोलीत कुणाचा तरी हात ओला झाला पाहिजे. एक नळ, एक ओटा आणि चार ब्युरेटी घाला. संगणक राहू द्या शेजारी. तोवर समारंभात पाटीवरच्या पडद्याची दोरी मी ओढणार नाही."

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. सर एवढेच म्हणाले, "हो, शाल घ्यायला येईन. दोरी नाही ओढणार."

हे लिहीपर्यंत नळाचे काही कळलेले नाही. 'बघू', 'बैठकीत ठेवू', 'पुढच्या टप्प्यात' अशी उत्तरे मिळत आहेत. पाटी मात्र तयार आहे आणि मखमली कापडाखाली झाकून भिंतीवर लावलेलीही आहे. या ग्रंथाच्या वाचकांत सरांचे शेकडो विद्यार्थी असतील. आपल्यापैकी कित्येक आज मोठमोठ्या जागांवर आहात. सत्काराला याल तेव्हा हार नंतर घाला. आधी कार्यवाहांना एकच विचारा, नळ कधी?

सर ईश्वर मानत नाहीत. मी मानते, म्हणून त्यांच्या वतीने मीच मागून टाकते. देवा, सरांची दृष्टी अशीच रेषेवर राहो, हात असाच स्थिर राहो, शीलाताईंची साथ राहो आणि दोघांनाही निरोगी शंभर वर्षे लाभोत. शंभर मी उगाच मागत नाही. आमच्या संस्थेचा वेग मी जवळून पाहिला आहे. नळ बसायला तेवढी लागतीलच, आणि ती दोरी सरांच्याच हातून ओढली गेली पाहिजे.