आबांच्या हातावरचा आळ

आधी आबांचं नाव घेते, मग बाकीचं. आबांनी मला घर दिलं. एवढं आधी कळू दे तुम्हाला — कारण पुढचं वाचल्यावर त्यांचं नाव माझ्या तोंडून ऐकावंसं वाटणार नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आबांच्या बायकोला, माईंना नाही, फोनवर बहिणीला नाही. रात्री पांघरुणात स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्य होऊ दिलं नाही. अर्ध्यावर आलं की कूस बदलायची.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. मावळात गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये काम आहे म्हणून एका मुकादमाबरोबर आले, आणि हंगाम सरल्यावर मुकादम फोनच उचलेना. पिशवी मांडीवर घेऊन एसटीच्या थांब्यावर बसून राहिले. आबा त्यांच्या जुन्या गाडीवरून दोनदा गेले, परत येताना थांबले. "कुटं जायचंय?" मी रस्त्याकडे बघितलं, दोन्ही बाजूंनी. तर म्हणाले, "मग जेवून तरी घे. आमच्या माईचं गुडघं गेल्यात, भाकरी टाकाया कोण तरी लागतंच." नवरा कुठंय, जात काय, घर का सोडलं — काही विचारलं नाही. मागची खोली दिली आणि तिच्या दाराला स्वतःच्या हाताने कडी बसवली. आतून. बाईला आतून कडी लागते, हे न सांगता कळणारा माणूस तुम्ही किती वेळा पाहिलात?

ते हात लक्षात ठेवा. सगळं त्या हातांचंच आहे.

आबा देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेले. सकाळी आंघोळ करून बुद्धाच्या मूर्तीपुढे पंचशील म्हणायचे, मग चहा, मग शेत. त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती, तीनशे पंधरा बोरची, बोल्टवाली. एकेक गोळी झाडली की कडी उघडल्यासारखा बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा, दांडी खाली दाबायची, मग दुसरी. शिकारीला बंदी आहे हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक. पण रानडुकरं उसात शिरली, की गावातून अर्ज जायचे, वनखात्याची परवानगी यायची, आणि आबांसारखे दोघं-चौघं आपापल्या बंदुका काढायचे. लोक त्यांना शिकारी म्हणायचे. आबांना ते आवडायचं नाही. "पंचशील म्हणताय आन् डुकरं मारताय," कुणी टोचलं की ते म्हणायचे, "डुक्कर ऊस खातंय म्हणून मारतो. मी डुक्कर खात न्हाई, बघ."

त्यांचे जोडीदार म्हणजे वलवणकडचे भाऊ. त्यांची बारा बोरची दुनळी. दोघं ओटीवर बसले की माझा चहा निवायचा, पण वाद निवायचा नाही.

"आबा, ती तुमची कडी काढा-घाला बंदूक! दुसरी गोळी सारेपत्तुर डुक्कर काय तंबाखू मळत बसतंय व्हय?"

"पयलीच लागली तर दुसरी कशाला लागती, भाऊ?"

"आन् पयली नाय उडाली तर?"

"बोल्टात बिघडायला हायच काय? एक सळी, एक स्प्रिंग, एक पिन. दगा दिला तर माणसाचा हात दील. बोल्ट न्हाई देत."

मी 'का'ऐवजी 'काहून' म्हणते म्हणून भाऊंनी माझं नाव काहूनबाई पाडलं होतं. मध्येच मला विचारायचे, "काहूनबाई, तू सांग, कोण खरं?" मी हसून कप उचलायचे. दुसरं काही बोलायची हिंमत आहे कुठं माझ्यात? आजही नाही. म्हणून तर लिहिते आहे.

रायफल पुसायचं काम माझ्याकडे कसं आलं? आबांना लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं नाही. एकदा त्यांनी समोर बसवून शिकवलं — नळीतून चिंधी कशी ओढायची, बोल्ट कसा बाहेर काढायचा, बंदुकीच्या तेलाचा एकच थेंब कुठं सोडायचा. बोल्टच्या आत स्प्रिंग असते. चाप ओढला की ती सुटते आणि पिन काडतुसाच्या बुडावर आपटते. "ही पिन जोरात गेली पायजे. म्हणून आत लय तेल नगं." सांगितलं होतं. हे मी लपवत नाही. सांगितलं होतं त्यांनी.

दिवाळीआधीची साफसफाई होती. बंदुकीच्या तेलाची बाटली माझ्या पदरात अडकून ओटीवरून खाली गेली. दगडावर फुटली, आणि तेल फटीत जिरूनही गेलं. आबा घरात नव्हते. ते रागावले असते का? नसते. हेच तर आहे — नसते रागावले. पण याआधी मी जिथं जिथं राहिले, तिथं पहिली वस्तू फुटली की दुसऱ्या दिवसापासून लोकांची नजर बदलायची. मला त्या नजरेची भीती वाटली. काचा गोळा केल्या, राखेत पुरल्या. आणि माईंची डोक्याला लावायची खोबरेलाची बाटली आणली.

आमच्या घरी शिवणयंत्राला खोबरेल, कुलपाला खोबरेल, सायकलच्या साखळीलाही तेच. मला वाटलं, तेल ते तेल. आणि चूक झाकायची म्हणून जास्तच सोडलं — एक थेंब नाही, चांगली धार. पिनेच्या भोकातून, मागच्या फटीतून. बोल्ट असा सरकायला लागला की काय सांगू! आबांनी संध्याकाळी दोनदा मागेपुढे केला. म्हणाले, "लोण्यावानी चालतोय गं. तुझा हात चांगला हाय."

तुम्हाला वाटेल, थंडीत खोबरेल गोठतं हे हिला ठाऊक नव्हतं. होतं. कोणत्या बाईला नसतं? दर थंडीत बाटली चुलीजवळ ठेवते मी. पण बाटलीतलं तेल आणि बंदुकीतलं तेल, हे दोन विचार माझ्या डोक्यात एका जागी आलेच नाहीत.

संक्रांतीच्या पुढेमागे परवानगी आली. डुकरांनी आमच्याच उसाचा एक कोपरा लोळवला होता. सकाळी लवकर निघाले सगळे. धुकं असं की लोहगड होता की नाही, सांगता आलं नसतं. दहिवर गुडघ्यापर्यंत भिजवत होतं. वाडीतली माणसं पलीकडून डबे वाजवत उसात शिरणार, आबा एका कोपऱ्यावर, भाऊ दुसऱ्या. मी बांधावर किटली घेऊन उभी. मला येऊ नको म्हटलं होतं, पण आबा पहाटे काही न खाता निघाले होते.

डब्यांचा आवाज आला. ऊस हलला. काळं काहीतरी सरळ आबांच्या अंगावर निघालं. आबा हलले नाहीत. बंदूक खांद्याला, पाय रोवलेले — किती शांत उभे होते ते, मी पाहिलंय. आणि आवाज आला.

टक.

गॅस संपल्यावर शेगडीचा लायटर वाजतो ना, तेवढाच.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. आबांनी बोल्ट मागे खेचला. ते खाली पडले. भाऊंच्या दोन्ही नळ्या लागोपाठ वाजल्या. किटली माझ्या हातात नव्हती. आबांची डुकराच्या सुळ्याने फाटलेली मांडी — मी तिच्यावर दोन्ही हात दाबून बसले होते आणि रक्त बोटांमधून येतच होतं. पदर फाडला, पिळून बांधला. कुणीतरी जीप आणली. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ही गाठ बसली नसती तर माणूस रस्त्यातच गेला असता. बाहेर भाऊ सगळ्यांना सांगत होते, "काहूनबाईनं वाचिवलं आबाला." लोक माझ्याकडे बघत होते. मीही मान खाली घालून ऐकत होते — मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं. तेवढे काही तास मी चांगली बाई होते.

संध्याकाळी आबांचे कपडे न्यायला घरी आले. माई म्हणाल्या, "डोस्कं फुटतंय गं, जरा तेल लाव." मी फळीवरची बाटली घेतली, उलटी केली. काही पडलं नाही. उजेडात धरली. आत पांढरं. घट्ट.

मी तिथंच बसले. तुम्हाला कधी असं झालंय का — की एखादी रोजची वस्तू हातात असते आणि ती तुमच्याकडे बघत असते?

रायफल भाऊंनी गोळ्या काढून कपाटात ठेवली होती. मी बोल्ट बाहेर काढला. पुढच्या भोकाभोवती पांढरा चिकटा. काडीने टोकरलं तर मेणासारखं निघालं. तेव्हाच तो बोल्ट पदराखाली घेऊन दवाखान्यात जायला हवं होतं. भाऊंपुढे धरायला हवा होता. मी काय केलं?

चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं, पाणी खळखळ उकळलं आणि बोल्ट त्यात सोडला.

वर तवंग आला. घरभर न्हाणाच्या दिवसाचा वास सुटला. आतून माईंनी विचारलं, "शोभा, खोबरं कशाला उकळतीयस गं?"

मी म्हटलं, "चटणीला."

पुसला, चुलीच्या धगीवर वाळवला, परत घातला. माझा हात जरासुद्धा कापला नाही. त्याचीच मला आज जास्त भीती वाटते. पदर बांधतानाही असाच चालला होता तो.

आबा घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक शिकाऱ्याचं मत वेगळं. एक म्हणाला काडतूस जुनं असणार, पावसाळ्यात सर्दलेलं. दुसरा म्हणाला, बोल्टच्या बंदुकीचं हे असंच, अंगावर आलेल्या जनावराला ती नव्हेच. तिसरा म्हणाला, त्याच्या चुलत्याने पन्नास वर्षं बोल्टवालीच चालवली, एकदा चुकली नाही. ऐन आजारपणात आबा खुश होते. पडल्यापडल्या सगळ्यांशी भांडत होते. मग भाऊंनी पुण्याहून बंदुका दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणला. त्याने ते न उडालेलं काडतूस पाहिलं — बुडावर पिनेची खूण होती, पण हलकी. मग बोल्ट उघडून आत बॅटरी मारली.

"चोख आहे," तो म्हणाला. "इतका साफ बोल्ट मी पाहिला नाही. स्प्रिंग कडक. बंदुकीत काही नाही." मग आबांकडे न बघता म्हणाला, "दांडी पूर्ण खाली बसली नसेल तर पिन अशी हलकी लागते. घाईत होतं. वय झालं की होतं."

भाऊ दुनळीची बाजू मांडतील म्हणून मी वाट बघत होते. एकदा तरी म्हणा, भाऊ, की कडीची बंदूक वाईट! पण भाऊंनी चप्पल शोधायला मान खाली घातली. आबांनी उजवा हात वर केला, उलटासुलटा करून पाहिला.

"म्हंजी हातच," ते म्हणाले.

मी दाराआड होते. हातात चहाचा ट्रे, त्याच पातेल्यातला चहा.

जखम भरली. काठी आली, ती राहिली. पण मी जे बघते आहे ते वेगळंच आहे. आबांनी रायफल जमा केली, परवाना सोडून दिला. मग गाडी विकली. मग दाढीसाठी गावातला न्हावी घरी बोलवायला लागले. चहाचा कप भरून दिला तर म्हणतात, "अर्धाच दे, सांडंल." हात कापतो का त्यांचा? मी रोज बघते — अजिबात नाही. दगडासारखा स्थिर आहे. भाऊ अधूनमधून येतात, पाऊसपाण्याचं बोलतात. बंदुकीचा वाद ते दोघं काढत नाहीत. ती ओटी इतकी शांत कधीच नव्हती.

गेल्या महिन्यात आबांचा मुलगा आणि सून बाळाला घेऊन आले. पहिलं नातवंड. सुनेने बाळ पुढे केलं, "घ्या आबा." आबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. हसून म्हणाले, "नगं, नगं. माझा हात दगा देतो. शोभाकडं दे, तिचा हात चांगला हाय."

आणि मी घेतलं. तुम्ही ऐकताय ना? मी घेतलं बाळ.

त्यांनी कडी बसवून दिलेल्या दाराआड बसून हे लिहिते आहे. भीती होती म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. बाटली फुटली तेव्हा भीती होती, पातेल्यात पाणी उकळताना हिशेब होता. माफ करा असं तुम्हाला म्हणायचं नाही, आबांनाही नाही. पण आबांचं जे माझ्याकडे अडकून पडलंय ते मी परत करणार आहे. एखाद्या थंडीत, सकाळचं धुकं असताना, भाऊ ओटीवर असतील आणि सून बाळाला घेऊन आलेली असेल. मी खोबरेलाची बाटली आबा आणि भाऊंच्या मधोमध उलटी धरीन, म्हणजे काही पडत नाही ते सगळ्यांना दिसेल. मग बोलेन, पातेल्यापर्यंतचं सगळं. मग बाळ आबांच्या हातात देईन, आणि ते घट्ट धरेपर्यंत तिथंच उभी राहीन. त्यानंतर मागच्या खोलीची कडी काढून पिशवी भरायची असेल तर भरीन. आबा, हे तुमचं मी फेडीन.