लुर्दिसचे केस

सबीनाचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात भाजी घेत होते. "आंटी, मम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. सबीना म्हणजे लुर्दिसची सून. लुर्दिस बरेच महिने आजारी होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले... लुर्दिसच्या गावी, तुयेला पोचले तेव्हा तिला निळ्या झग्यात निजवलं होतं. नात्यातली कुणी म्हातारी तिच्या डोक्यावर जाळीचा रुमाल घालू बघत होती. सबीनानं हलकेच तिचा हात धरला. "नाका, तिचे केंस दिसूं दी." पिकलेल्या, घट्ट कुरळ्या केसांचा तो भरघोस संभार उशीभर पसरला होता. आपले केस असे चारचौघांत मोकळे सोडायला लुर्दिसला फार वर्षं लागली होती.

लहानपणी आमची घरं तुयेला एकमेकांना लागून. लुर्दिस आली तेव्हा मी पाचवीत होते. तिचा बाप आफ्रिकेत, बैरा नावाच्या बंदरात नोकरीला होता. तिथून पोर्तुगीज गेले आणि तोही बाडबिस्तरा आवरून परतला, सोबत ही मुलगी. आई तिकडचीच, काळी. ती तिकडेच तापानं वारलेली. आमच्या गावानं लुर्दिसचा रंग पाहिला, जाड ओठ पाहिले, पण सगळ्यांची नजर खिळली ती केसांवर. शाळेत पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'खाप्री', म्हणजे हबशीण, पडलं. बाप पुन्हा नोकरीसाठी बाहेर गेला आणि ती आजीकडे वाढली. या आजीला, तिच्या शामायला, तर नातीला चर्चला न्यायचीच लाज वाटे. आजीच्या फण्या त्या केसांत अडकून मोडायच्या. शेवटी तिनं न्हावी बोलावून मुलीचे केस पार बारीक कापून घेतले आणि वर रुमाल बांधला. "हे मनशाचे केंस न्हय," असं ती सरळ तिच्या तोंडावर म्हणे. गॅदरिंगच्या नाटकात गुरुजींनी तिला राक्षसीचं काम दिलं, ते तिनं केलं. लोक हसले. ती आत येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "शुभा, म्हाका रंग लावचो पडूंक ना, म्हणून गुरुजी खुशी जाले."

मॅट्रिकच्या वर्षी केस पुन्हा खांद्यापर्यंत आले होते. एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं इस्त्रीत निखारे भरले, डोकं टेबलावर टेकवलं आणि केसांवर इस्त्री फिरवली. तिची किंकाळी ऐकून मी धावत गेले. जळक्या केसांचा वास सगळ्या घरात भरला होता आणि कानामागची कातडी सोलून निघाली होती. शामाय चर्चच्या फेस्तावरून, सणावरून, परतली ती दारातच थबकली. मग खाली बसून नातीच्या मानेला खोबरेल लावता लावता तिनं विचारलं, "कोणें सांगलें गो तुका अशें करूंक?"

"तूंच म्हणटाली, हे केंस मनशाचे न्हय म्हणून."

शामायनं तेलाची वाटी खाली ठेवली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जखम भरल्यावर एका सकाळी ती लुर्दिसला आणि सोबतीला म्हणून मला घेऊन नदीपार कोलवाळला निघाली. तिथं जुवाना नावाची बाई राहायची, बैरात एका गोंयकाराच्या घरी आया म्हणून राबून परतलेली. होडीत शामाय पाण्याकडे बघत बसली होती. अचानक म्हणाली, "तुज्या आवयचें नांव कितें गो?"

एवढ्या वर्षांत तिनं लुर्दिसच्या आईचं नाव कधी विचारलं नव्हतं. लुर्दिस म्हणाली, "आमेलिया."

"आमेलिया," शामायनं म्हणून पाहिलं.

जुवानानं लुर्दिसला पाटावर बसवलं, केस ओले केले, तेल लावलं आणि बोटांनीच एकेक बट सोडवत टोकाकडून वर आली. "मुळाकडून फणी घातली तर कुणाचेही तुटतील," ती म्हणाली. मग तिनं डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या घालायला घेतल्या. शामायला शेजारी बसवून तिच्या हातात एक बट दिली. म्हातारीची संधिवाताची बोटं, वेणी पुनःपुन्हा सुटायची... पण ती शिकली. नंतर कितीतरी वेळा ती होडीतून जाऊन आली. पुढच्या एका रविवारी लुर्दिस रुमाल न बांधता, वेण्या घालून चर्चला गेली. पायऱ्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. शामाय वळली. "नात म्हजी," ती म्हणाली, "आनी केंस तिच्या आवयचे." त्या महिन्यात तिनं चर्चमध्ये आमेलियाच्या नावानं मीस, मृतांसाठीची प्रार्थना, सांगितलं, तिच्यासाठी गावात झालेलं पहिलंच.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. केस बघून एक सोयरीक मोडली. तेव्हा लुर्दिस दोन दिवस जेवली नाही. पुढं ती तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात लागली. ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते, डबा खाताना मराठी की कोंकणी यावरून बायका हमरीतुमरीवर यायच्या आणि लुर्दिस म्हणायची, "तुमी झगडात गो. म्हजी आवयभास खंयची, तें म्हाकाच खबर ना." घटकराज्य झालं त्याच सुमारास तिचं लग्न झालं, कारखान्यातल्याच एका फिटरशी. लग्नाचा फोटो आणायला आम्ही दोघी म्हापशाला गेलो. फोटोवाल्यानं हौसेनं तिचा चेहरा उजळ केला होता, केस चापूनचोपून बसवले होते. लुर्दिसनं फोटो नीट पाहिला आणि परत त्याच्यापुढे ठेवला. "फोटो बरो आसा, पूण ही हांव न्हय. म्हजो दी." तो म्हणाला, सगळ्यांना असाच आवडतो. ती बाकावर बसून राहिली. त्यानं दुसरी प्रत काढून दिली तेव्हाच आम्ही उठलो. परतताना बसमध्ये तिनं तो फोटो मांडीवर उघडा धरला होता. "आमेलियासारकी दिसतां न्हय?" तिनं विचारलं. मी आमेलियाला कधी पाहिलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

निवृत्तीनंतर रविवारी सकाळी तिच्या घराच्या पायरीवर मुली जमायच्या. कुणाचे केस दाट कुरळे, कुणाचे राठ, ज्यांच्या आयांनी हात टेकलेले अशा. कारखान्यात कामाला आलेल्या बेळगावकडच्या कुटुंबातल्याही असायच्या. लुर्दिस एकेकीला पुढ्यात बसवून तासन् तास विंचरायची.

परवा लुर्दिसच्या महिन्याच्या मिसाला गेले होते. मीस आटोपून मी आणि सबीना तिच्या घरी आलो तर रेणुका, बेळगावकडचीच एक चौथीतली पोर, तेलाची बाटली घेऊन पायरीवर बसलेली. लुर्दिस गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं की सांगूनही ती आली होती, कोण जाणे. सबीना पदराला डोळे पुसत मागं बसली आणि तिनं केसांना हात घातला. रेणुकानं मान बाजूला घेतली.

"तसं न्हाई. लुर्दिस आंटी आधी इचारायची, दुखतंय काय म्हणून."

सबीनानं हात मागं घेतला आणि विचारलं, "दुखतंय काय गं?"

"न्हाई," रेणुका म्हणाली आणि मान पुढं केली.