किनाईची तारीख

ओनोतोआ बेटावर आरोइता सिस्टर सव्वीस वर्षं बायकांना बाळंतपणाच्या तारखा देत आली होती. तिच्या जागी दुसरी नर्स येणार, येणार म्हणता तीन वर्षं सरली. सकाळी दवाखान्यापाशी सायकलवरून उतरतानाच गुडघे नको म्हणायचे, आणि बाकावर सात-आठ पोटुशा बायका आधीच येऊन बसलेल्या असायच्या.

निम्म्यांना शेवटची पाळी आठवत नसे. मग सिस्टर विचारायची, तेव्हा तांदळाचं जहाज आलं होतं का, चर्चमध्ये कुणाचं लग्न होतं का. त्यावरून ती तारीख काढायची पुठ्ठ्याची चकती फिरवायची, पोटावर टेप धरायची आणि वहीत एक तारीख लिहायची.

वीस सप्टेंबरला किनाई आली. तिची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी तिचं रक्त थांबता थांबेना, तेव्हा सिस्टरनंच पोट दाबून धरून तिला कसंबसं वाचवलं होतं. म्हणून या वेळी तिला महिनाभर आधी विमानानं राजधानी तारावाच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरलेलंच होतं.

"पाळी कधीची?"

"एप्रिलची वीस," किनाई ताडकन म्हणाली.

इतकी नेमकी तारीख या बाकावर सहसा कुणी सांगत नसे. सिस्टरनं टेप धरला. पोट अठ्ठावीस सेंटीमीटर भरलं, म्हणजे साधारण तितकेच आठवडे. एप्रिलच्या हिशेबानं बावीसच्या आसपास हवं होतं.

"पोर मोठं आहे, सिस्टर. नवऱ्याच्या घरचे सगळेच आडदांड."

"असतील. पहिल्यांदा कधी हललं?"

"स्वातंत्र्यदिनाला. मी नाचात होते ना, मधेच खाली बसले. सासू म्हणते, आत्ताच म्हातारी झालीस होय?" किनाई हसली आणि हसता हसता गप्प झाली.

"म्हणजे बारा जुलै," सिस्टर म्हणाली. "एप्रिलचं पोर जुलैत कळत नाही, बाई. तुझी पाळी मार्चच्या सुरुवातीची."

किनाईनं मान खाली घातली. "बाबा अंथरुणाला खिळलेत. नोव्हेंबरात मी गेले तर मला ते परत दिसायचे नाहीत. जानेवारीची तारीख लिहा ना. तुम्ही लिहाल तेच सगळे खरं धरतात."

सिस्टरला वाटलं, लिहावी आणि मोकळं व्हावं. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही कुठं होतात?" किनाईनं विचारलं.

"इथंच. कुणाचं तरी बाळंतपण होतं." तिनं वहीत तेरा डिसेंबर लिहिलं. "नोव्हेंबरच्या मध्यावर विमान."

संध्याकाळी ती स्वतःच किनाईच्या बापाकडे गेली. बाउरो झावळ्यांच्या झोपडीत चटईवर पडला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"पाठव तिला," तो म्हणाला. "रडेल, पण पाठव. आणि मला कधीची तारीख दिलीस?"

"ते मला येत नाही, बाउरो."

"बरं झालं. नाहीतर मलाही विमानात बसवलं असतंस."

विमान सुटलं तेव्हा किनाईनं कुणाकडे वळून पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी बाउरो गेला. दिवस भरत आलेल्या बाईला विमानात घेत नाहीत, त्यामुळे ती येऊ शकली नाही. अकरा डिसेंबरला तारावाहून रेडिओवर निरोप आला. मुलगी झाली, रक्त पुन्हा थांबत नव्हतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, आता बरी आहे. सिस्टरनं ते वहीत टिपलं आणि उरलेल्या बायका तपासल्या. आपलं बरोबर ठरलं याचा आनंद होईल असं तिला वाटलं होतं, पण झाला नाही.

जानेवारीच्या शेवटी किनाई बाळाला घेऊन आली. तिनं त्याला वजनकाट्यात ठेवलं.

"चार किलो. छान आहे," सिस्टर म्हणाली.

किनाईनं बाळाला गुंडाळलं आणि ती दाराशी थबकली. "बाबांना पुरताना आई एकटीच होती."

"मी होते तिच्याजवळ. दवाखाना बंद ठेवला होता."

किनाई लगेच घरी गेली नाही. बायकांत जागा करून बाकावर बसली आणि बाळाला पाजू लागली. सिस्टरनं पुढच्या बाईला आत बोलावलं.