बोटीला डिझेल नव्हतं त्या वर्षी

बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी जेवताना म्हणाले, "मला पाण्याखाली श्वास घेऊन बघायचाय."

आई भाकरी वाढत होती. "कशाला?" तिनं विचारलं.

"चौतीस वर्षं वैमानिकांच्या ऑक्सिजनच्या नळ्या नि झडपा तपासल्या. त्यातून स्वतः एकही श्वास घेतला नाही. विमानात तर मला आता कोणी बसवणार नाही. समुद्र तरी बघतो."

माझा घास हातातच राहिला. बाबांची मागणी म्हणजे फार तर चहा थोडा कडक कर, एवढीच असायची. मी नाशिकमध्येच एका कॉलेजात शिकवते, आम्ही तिघं एकत्र राहतो. मे महिन्यात मला सुट्टी असते. मी म्हटलं, "मालवणला जाऊ."

पण मालवण त्यांनी आधीच मनातून काढून टाकलं होतं. कारखान्यातले त्यांचे मित्र तिकडे जाऊन आले होते. पंधरा मिनिटं पाण्यात, कोणीतरी मागून धरलेलं, फोटो काढला की वर. "मला फोटो नकोय," बाबा म्हणाले. "शिकायचंय."

शोधता शोधता मला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक छोटं गाव सापडलं. आपल्याकडे पाऊस तोंडावर येतो तेव्हा तिथला समुद्र शांत आणि नितळ असतो. एक बाई तिथं पाहुण्यांसाठी चार खोल्या नि एक बोट चालवत होती. तिचा भाऊ स्कूबा डायव्हिंग शिकवायचा. चार दिवसांचा पूर्ण अभ्यासक्रम. मी मेल पाठवला, तिनं एक लांबलचक फॉर्म पाठवला. दम लागतो का, कान दुखतात का, रक्तदाब आहे का. बाबांना रक्तदाबाची गोळी होती, म्हणून डॉक्टरांची सही हवी. डॉक्टरांनी त्यांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं, कागद बघितले आणि सही केली. "पण आधी इथं सराव करा," म्हणाले.

देवळाली कॅम्पात एक निवृत्त सुभेदार भेटले. फौजेत पाणबुड्याचं काम केलेले. आठवड्यातून तीनदा सकाळी ते बाबांना पोहण्याच्या तलावात उतरवू लागले. बाबा निफाडकडच्या विहिरीत पोहायला शिकलेले, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. पण मास्कमध्ये पाणी शिरलं की ते धडपडत वर यायचे. विहिरीत शिकलेला माणूस श्वास रोखून धरतो, आणि इथं तर तेच करायचं नव्हतं.

"साहेब, श्वास रोखायचा नाही," सुभेदार दर वेळी सांगायचे. "घाई नाही. आत, बाहेर. आत, बाहेर."

तिसऱ्या आठवड्यात बाबा तलावाच्या तळाशी मांडी घालून बसले. मी काठावरून बघत होते. बुडबुडे एकसारखे वर येत होते. एवढे शांत मी त्यांना घरीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग बातम्या यायला लागल्या. कोलंबोत पेट्रोलपंपांवर मैलभर रांगा, दिवसदिवस वीज नाही, औषधं नाहीत, लोक रस्त्यावर, संचारबंदी. आई दुपारी टीव्ही लावून बसायची. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "तिथं माणसं पोराबाळांसाठी गॅसच्या रांगेत उभी आहेत, आणि तुम्ही मासे बघायला चाललात."

बाबांनी कप तसाच खाली ठेवला.

मी आपली वाद घालत राहिले. पर्यटक गेले तर त्यांनाच मदत होते, दंगा राजधानीत आहे, आपलं गाव लांब आहे. हे सगळं मी इंटरनेटवर वाचलेलं होतं. एका ठिकाणी लिहिलेलं असायचं की सगळं सुरळीत आहे, दुसऱ्या ठिकाणी देश पेटलेला असायचा. शेवटी बाबाच म्हणाले, "त्या बाईंनाच फोन लाव. जिथं राहतात तिथलं त्यांनाच ठाऊक."

फोन लागायला तीन दिवस गेले, कारण तिकडे वीज नसायची. लागला तेव्हा मी इंग्रजीत विचारलं, "आम्ही यायचं का?"

ती म्हणाली, "सगळं चालू आहे असं आमच्या वेबसाइटवर लिहिलंय. ते मीच लिहिलंय. पण तुम्ही वडिलांना आणणार आहात, म्हणून खरं सांगते. येऊ नका. बोटीला डिझेल नाही. त्यांना पाण्यात काही झालं तर दवाखान्यात न्यायला गाडीलाही नाही. मी सांगेन तेव्हा या."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. "चांगली बाई आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पायातले रबरी पंख कपाटावर टाकले. मला फार वाईट वाटलं. या वयात एक वर्ष पुढं ढकलणं म्हणजे काय, ते माझ्या मनात येत होतं, आणि त्यांच्याही येत असणार.

पण आठ दिवसांनी तेच माझ्याकडे आले. "तिला विचार, हवेच्या टाक्या नीट ठेवल्यात ना? वापर नसला की झडपेतल्या रबरी कड्या सुकतात."

मी विचारलं. उत्तर आलं की कड्या केव्हाच गेल्यात, आणि बाहेरून माल येणंच बंद झालंय. बाबांनी तिला मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायला लावले. मग एक सकाळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हिंडले. पहिल्या दोन दुकानांतल्या कड्या हातात घेऊन, ताणून, परत दिल्या. तिसरीकडे हव्या तशा मिळाल्या. प्रत्येक मापाची पुडी वेगळी, वर स्वच्छ अक्षरात आकडा. कुरियरला महिना लागला. तिच्या भावानं त्या बसवल्या आणि टाकी पाण्यात बुडवून व्हिडिओ पाठवला. एकही बुडबुडा नाही. बाबांनी तो व्हिडिओ सुभेदारांना नेऊन दाखवला.

त्यानंतर बोलणं चालूच राहिलं. हळूहळू आईही फोनजवळ येऊन बसू लागली. "तिला विचार, गॅस नाही तर कशावर करते?" लाकडावर, आणि नारळाच्या करवंट्यांवर. "धूर होत असेल. डोळ्यांना काय करते?" "भात मिळतो का?" मी दोन्हीकडचं सांगत राहायचे. जुलैमध्ये कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले आणि तिथल्या पोहण्याच्या तलावात उड्या मारताना टीव्हीवर दिसले. बाबा पुढं वाकून बघत होते. "यांच्यात एकालाही नीट पोहता येत नाही," ते म्हणाले, आणि आई कित्येक दिवसांनी मोठ्यानं हसली. मग लगेच गंभीर होऊन म्हणाली, "तिला फोन कर. तिच्याकडं सगळं ठीक आहे ना बघ."

ठीक होतं. पुढं वीज जास्त वेळ राहू लागली, डिझेल रेशनसारखं चिठ्ठीवर, मोजून मिळू लागलं. तरी ती 'या' असं म्हणेना, आणि आम्हीही विचारत नव्हतो.

दिवाळीनंतर एकदा व्हिडिओ कॉलवर ती अंगणात उभी राहून बोलत होती. आईनं अचानक माझ्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "मागे दोरीवर बघ. पांढरा गणवेश वाळत घातलाय. तिच्या मुलीचा असेल. रोज जाते का शाळेत, विचार."

मी विचारलं. "हो," ती म्हणाली, "आता पाचही दिवस. डिझेल नव्हतं तेव्हा शाळा बंदच असायची." आणि मग तिनंच वळून दोरीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "मे महिन्यात या. मी आता सांगते."

आईला भाषांतराची गरज पडली नाही. ती बाबांकडं वळली. "मी पण येणार," म्हणाली. "पाण्यात नाही हं. काठावर बसेन."

बाबा स्टूल घेऊन कपाटावरचे पंख काढायला गेले. दुसऱ्या दिवसापासून देवळालीच्या फेऱ्या परत सुरू झाल्या.

मे महिन्यात आम्ही तिघं गेलो. कोलंबोहून सहा-सात तासांचा रस्ता. वाटेत पंप उघडे होते. भिंतींवरच्या घोषणा अर्धवट पुसलेल्या. ती दारातच उभी होती, फोनवर दिसायची त्यापेक्षा बुटकी. आईनं तिच्यासाठी मनुका आणि गोडा मसाला आणला होता. दोघी सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून जायला निघाले तर आई म्हणाली, "तू राहू दे, आमचं आम्ही बघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट खडकांपाशी थांबली. बाबा बोटीच्या कडेवर बसले, मास्कवर हात ठेवला, आणि पाठीवर पाण्यात पडले. अभ्यासक्रमात मीही नाव घातलं होतं, म्हणून तिच्या भावासोबत मागोमाग उतरले. दहा मीटरवर, पोवळ्यांच्या पिवळसर झुडपांवर ते तरंगत थांबले होते, हात छातीशी घेऊन. निळ्या माशांचा एक थवा आला, त्यांच्यापाशी दुभंगला, आणि पलीकडं पुन्हा एक झाला. बाबांनी हात पुढं केला नाही. नुसते बघत राहिले. आत, बाहेर.

चाळीस मिनिटांनी आम्ही वर आलो. त्यांनी तोंडातली नळी काढली. ते काय म्हणतात याची मी वाट बघत होते. त्यांनी शेजारी वर आलेल्या तिच्या भावाकडं बघितलं आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "उद्या किती वाजता?"