खिडकीतला पेरणारा

नवऱ्याने मला दिग्गी गावात माहेरी आणून सोडलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. लग्नाला सहा वर्षं झाली आणि मूल झालं नाही, एवढाच माझा गुन्हा. पेरणीची पहिली मूठ आमच्यात घरच्या सवाष्णीने टाकायची. वांझेच्या हातचं बी उगवत नाही म्हणे, म्हणून वहिनीने मला रानाच्या कडेला बसवलं. आप्पा, माझे वडील, ते बघून गप्प राहिले. तो राग मी वर्षभर पोटात ठेवला आणि त्यांच्या आमटीत मीठ जास्त घातलं.

पुढच्या उन्हाळ्यात रेल्वे स्टेशनाजवळ, ख्रिस्ती लोकांच्या इगर्जीत, म्हणजे त्यांच्या देवळात, आप्पा आणि मी बांबूच्या चटया पोचवायला गेलो. आदल्या दिवशी निघालो ते सकाळी पोचलो. समोर रंगीत काचेची खिडकी होती. तिच्यातून ऊन येऊन फरशी लाल-हिरवी झाली होती. काचेत तांबड्या झग्यातला एक माणूस बी पेरत होता. मी रंग बघत राहिले, आप्पांचं लक्ष मात्र बियांकडे. काही बी वाटेवर पडलेलं, पाखरं टिपतायत. काही खडकावर, काही काट्यांत. ह्याला पेरायला कुणी शिकवलं, असं त्यांनी पाद्रीबाबांना विचारलंच.

पाद्रीबाब हसले आणि कोकणीत समजावू लागले. पेरणारा म्हणजे देव, बी म्हणजे त्याचा शब्द, जमीन म्हणजे माणसांची मनं. तांबडा झगा ही त्याची माया. काटे म्हणजे संसाराची काळजी, तिच्यात बी गुदमरतं. काचेला स्वतःचा उजेड नसतो, मागून ऊन आलं तरच चित्र दिसतं, माणसाचंही तसंच.

आप्पांना काटे काही पटेनात.

"काट्याची जमीन वायट कुणी म्हटली? आमी काटं तोडतो, जाळतो, त्याच राखंत नाचणी पेरतो. तसं कणीस दुसरीकडं भरत न्हाई."

पाद्रीबाबांनी पुन्हा खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, ते मला ठाऊक नव्हतं. पण हा पेरणारा जमीन बघून हात आखडत नाही, सगळ्यांना देतो, म्हणून मला तो आवडतो.

ते ऐकलं आणि मला रडू कोसळलं. परक्या देवाच्या दारात पदर तोंडात कोंबून मी रडले. आप्पांनी ते बघितलं. परतीच्या सगळ्या वाटेवर ते पुढेच चालत राहिले.

पेरणीला भावकी जमली. वहिनीने हात पुढे केला, तर आप्पांनी बियांची टोपली माझ्याकडे वळवली. पीक बुडेल, असं म्हातारी चुलती म्हणाली.

"बुडू दे," आप्पा म्हणाले. "गेल्या साली लेकीला कडंला बसवलं, ती माजी चूक. टाक, बाय."

मी मूठ टाकली. आजही नारळ मी आमच्याच देवाला देते, पण त्या काचेचे उपकार मानते आणि तिलाही मनातून हात जोडते.

त्या साली नाचणी बेताचीच आली. चुलतीने ते गावभर सांगितलं. पुढच्या पेरणीला आप्पांनी टोपली पुन्हा माझ्याच हातात दिली.