पाचट, कापूर आणि हरित अर्थव्यवस्था

सांगण्यासारखं नाही खरं तर. पण चहा तुम्ही पाजलाय, आणि मी नाही सांगितलं तर ढोकीच्या स्टँडवर कुणी तरी तिखटमीठ लावून सांगणारच. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. भर उन्हात, साहेब लोकांच्या देखत, मी हरित अर्थव्यवस्था पेटवून दिली!

हसू नका. आधी ऐका तरी.

मी सापाला भितो. तुम्ही भिता तसं नाही हो. टीव्हीवर साप दिसला तरी मी पाय खुर्चीवर घेतो. आणि शेती कसली, तर उसाची! त्यात आमच्याकडं पाण्याच्या मोटारीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच. काठी आपटत, बॅटरी मारत, देवाचं नाव घेत मोटार चालू करायला जायचं. दर वेळी वाटायचं, आज काही आपण घरी परत येत नाही.

म्हणून गायरानावर सोलरचे पॅनेल बसणार आणि शेतीला दिवसा लाईट मिळणार अशी बातमी आली, तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं. पण त्याआधी एक कमिटी गाव बघायला येणार होती. गाव पाणी जपतंय का, पाचट जाळतंय का, हे बघून मगच नाव वर पाठवणार. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात पडतो तो वाळका पाला. आम्ही आजवर त्याला काडी लावून मोकळे होत आलो. का? त्यात साप बसतात म्हणून!

सरपंच तानाजीराव म्हणाले, "तुमचंच रान दाखवू. ठिबक हाय, पाचट बी तसंच पडलंय. आन् बोलायला तुमी बरे."

"पण तानाजीराव, पाचटात ते..."

"मग ऱ्हावा की रात्रीच्या लाईटीवर!"

झालं, ठरलं. मी मोबाइलवर बघून बघून पाठ केलं: हरित अर्थव्यवस्था म्हणजे जमीन, पाणी, हवा न नासवता सगळ्यांचं पोट भरेल असा कारभार. म्हशीची धार काढताना म्हशीलाही ऐकवलं.

कमिटी यायच्या दिवशी सकाळी मी बायकोला, सुमनला, सांगितलं, "रानातल्या ठिबकच्या नळ्या तेवढ्या गुंडाळून घे. दुपारी पाचटाची कुट्टी करायचं मशीन येणार आहे, तुकडे होतील." सांगितलं आणि धास्तीत साफ विसरलो. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

जीप आली. दोन साहेब आणि एक मॅडम. मॅडम चष्म्यावरून बघायच्या, म्हणजे आणखीच भीती! आमच्या बांधावर म्हसोबा आहे. पाहुणा रानात उतरण्याआधी म्हसोबाला नारळ आणि कापूर, ही आमची रीत. मी ताटात कापूर पेटवला. आता तुम्ही म्हणाल, वाळल्या पाल्याच्या काठावर कापूर? अहो, आमच्या आजोबांपासून तिथंच पेटतोय, तो काय बंद करायचा?

इतक्यात मॅडमनी विचारलं, "भाषण नको. तुमच्या शब्दांत सांगा, हरित अर्थव्यवस्था म्हणजे काय?"

ताट हातात तसंच. पाठ केलेलं सगळं उडालं.

"म्हंजे बगा मॅडम... आता हे पाचट. आमी जाळत न्हाय. कुजलं की खत होतंय, ओल टिकती, धूर न्हाय. इथं काडी लावणारा मानूस म्हंजे गावाचा वैरी..."

सळसळ झाली.

मॅडमच्या चपलेपासून हातभर अंतरावर पाचटाखालून काहीतरी सरकत होतं. काळं. लांब. सरकतंय, सरकतंय, शेपूट काही येईना!

"साप! मॅडम, मागं सरा!" मी किंचाळलो आणि हातात होतं ते सगळं त्याच्यावर फेकलं. नारळ, ताट, पेटता कापूर.

साप थांबला नाही. पाचट मात्र भडकलं. साहेब बांधावर पळाले, तानाजीराव जीपमध्ये शिरले, आणि मी? मी जीपच्या टपावर. कसा चढलो ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात पलीकडून, पुढच्या लागणीला बेणं म्हणून राखलेल्या उसाच्या आडून, सुमन ओरडली, "आवं, कोन पेटवायलंय? माझी नळी वितळायली की!"

आणि बाहेर आली. हातात काळ्या नळीचं वेटोळं, आणि तिच्यामागं ओढला जाणारा माझा साप. शेपटीला आग लागलेला.

"मोटार चालू करा!" एक साहेब ओरडले.

"लाईट न्हाय साहेब," तानाजीराव जीपमधूनच म्हणाले.

"कधी येते?"

"रात्री!"

शेवटी लिंबाचे ओले डहाळे तोडून, ते आपटून, माती टाकून सगळ्यांनी आग विझवली. मॅडमच्या चष्म्यावर राख बसली होती. मग मी टपावरून खाली उतरलो. गेली गावाची दिवसाची लाईट! आता सारं शिवार रात्री काठ्या आपटताना माझ्याच नावानं खडे फोडणार. खरं सांगतो, त्या क्षणी सापापेक्षा गावाची भीती जास्त वाटली.

मी हात जोडले. "मॅडम, गावाची चूक न्हाय वो. मीच लई भितो सापाला. म्हनून तर दिवसाची लाईट पायजे."

मॅडमनी आधी त्या नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग साहेबांना म्हणाल्या, "भर उजेडात यांना नळीचा साप दिसतो. अंधारात हे काय काय पेटवतील? या गावाला दिवसाची लाईट सगळ्यात आधी द्यायला सांगा."

आणि आली हो लाईट! गावानं माझा सत्कार केला. तानाजीराव भर सभेत म्हणाले, "ह्यांच्या भित्रेपणाचे गावावर लई उपकार हायेत." शाल घेताना मान वर करवेना.

आता पाचट कुणी जाळत नाही. पण नळ्या गुंडाळायची वेळ आली की सुमन बांधावर उभी राहते आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडते, "आवं, नळी वढायलेय! काडेपेटी खाली ठेवा!"

मी काडेपेटी खाली ठेवतो. आणि पाय वर घेतो.